वरून की खालून

काही शब्द मला मोठ्याने म्हणता येत नाहीत. बसमध्ये 'थांबवा' म्हणता न आल्यामुळे मी आजवर कितीतरी वेळा एक थांबा पुढे उतरून मागे चालत आलो आहे. पंगतीत 'पुरे' म्हणता येत नाही, म्हणून ताटावर नुसते हात आडवे धरतो, आणि वाढणारे हातांच्या फटीतून जिलबी टाकून पुढे जातात. त्यात आईने माझे नाव खंडेराव ठेवले. कुणी 'खंडेराव तामोरे कोण?' असे पुकारले की माणसे दाराकडे पाहतात, कुणी मिशीवाला आत येईल म्हणून. मग कोपऱ्यातून मी उठतो. पुकारणाऱ्याची जी निराशा होते ती मी पन्नास वर्षे पाहत आलो आहे.

पण हे सगळे सोसण्यासारखे होते. मला जे सोसत नाही ते एका तीन अक्षरी शब्दाचे आहे. तो शब्द 'खालून'. माझी धाकटी बहीण जयवंती, तिला हा शब्द मी वेळेवर सांगायचा होता. सांगितला नाही. पुढे तो टाळण्याच्या नादात मी स्वतःचीही यथेच्छ शोभा करून घेतली. माझे हसे झाले त्याचे मला काही वाटत नाही. तिचे वाटते.

आमचा थोरला भाऊ रामूदादा आमच्या गावी, किनाऱ्यावरच्या दांडीला, होडीवर जायचा. तो आतड्याच्या कॅन्सरने गेला. त्याआधी दीड वर्ष सगळे त्याला मूळव्याधच म्हणत होते. वडिलांच्या वेळीही मूळव्याधच म्हणत होते, आणि वडील नेमके कशाने गेले हे आता विचारायला कुणी उरलेले नाही. दादाला मूलबाळ नव्हते, वहिनी आधीच गेलेली. त्यामुळे मुंबईच्या डॉक्टरांनी शेवटी मला आत बोलावले. घरात चार बुके शिकलेला मीच, बोईसरच्या शाळेत तीस वर्षे ग्रंथपाल होतो. डॉक्टरांनी विचारले, रक्ताची भावंडे किती. म्हटले, मी आणि एक बहीण. ते म्हणाले, हा आजार घराण्यात चालतो, तुम्ही दोघांनी आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्या, काही त्रास नसला तरी, किंबहुना त्रास नसतानाच करायची असते ती. आणि मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहून विचारले, "बहिणीला सांगाल ना व्यवस्थित?"

मी 'हो' म्हणालो. हा शब्द मला नेहमीच सहज म्हणता येतो.

दादाचे तेरावे झाल्यावर मी दांडीला गेलो. बसमध्ये वाक्य पाठ करत होतो. जयवंती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी बांबूंच्या मधल्या दोरीवर टाकायची, असे तिचे भराभर चालले होते. मी म्हटले, दादाच्या डॉक्टरांनी सांगितले आहे, आपण दोघांनी पोटाची दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची.

"दुर्बिणीची? ती कशी करतात?" तिने विचारले.

इथे तो शब्द यायचा होता. आता आमच्यात भाऊ-बहीण आजारपणाविषयी बोलत नाहीत असे नाही. डोकेदुखी बोलतात, खोकला बोलतात, छातीत धडधडते तेही बोलतात. तिथून एकदम गुडघ्यांवर उतरतात. मधल्या प्रदेशाचे नाव घ्यायचे तर 'पोट' एवढेच, आणि तेही घाईने. मी बोंबलांच्या जोडीकडे पाहत राहिलो. ते दोघे एकमेकांच्या तोंडात तोंड घालून गप्प होते.

"करतात ते लोक," मी म्हणालो. "तू फक्त जाऊन सांग, दुर्बीण करायची आहे म्हणून."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची जोडी उचलली.

जयवंती सांगितलेले ऐकणारी आहे. दोन महिन्यांत एका शिबिरात जाऊन तिने तपासणी करूनही घेतली आणि रिपोर्टचा फोटो माझ्या फोनवर पाठवला. वर एक लांबलचक इंग्रजी शब्द होता, त्याच्या शेपटीला 'स्कोपी' होते. खाली शेवटच्या ओळीत 'नॉर्मल' होते. मी शेपूट वाचले, शेवटची ओळ वाचली आणि सुटकेचा श्वास सोडला. शाळेत मी मुलांना सांगायचो, नुसते मलपृष्ठ वाचून पुस्तकाविषयी बोलू नका रे. (मलपृष्ठ हा शब्द मी तीस वर्षे वर्गात खणखणीत उच्चारला. त्यातली पहिली दोन अक्षरे वेगळी काढून कुणी म्हणायला लावली असती, तर त्याच दिवशी राजीनामा दिला असता.) आणि स्वतःच्या बहिणीच्या बाबतीत मी मलपृष्ठच वाचले.

तिची झाली. आता माझी. ती मी दोन वर्षे केली नाही.

कारणे पुष्कळ होती. पाऊस होता, मग गणपती होते, मग मोतीबिंदूचे ऑपरेशन, मग उन्हाळा. खरे कारण एकच. जयवंती दर रविवारी फोन करायची आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, तुजी दुर्बीण झाली का?" मी पुढच्या महिन्यात म्हणायचो. शेवटी एका रविवारी ती म्हणाली, "मी बाईमाणूस जाऊन आली, आनि तू घाबरतोस. दादा गेला तो काय उगीच गेला?" आणि फोन ठेवून दिला. तिने असा फोन कधी ठेवला नव्हता. दुसऱ्याच दिवशी मी पालघरची बस धरली.

पालघर अशासाठी की बोईसरला मला अर्धे गाव ओळखते. तिथेच सरावलीत आमची चार मजल्यांची सोसायटी, खाली बाजार, जो तो शाळेतला. पालघरला माझे कुणी नाही, अशा हिशेबाने मी एका हॉस्पिटलच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो. बोलायला लागू नये म्हणून घरूनच एक चिठ्ठी लिहून नेली होती. सुवाच्य अक्षरात, समास सोडून: 'पोटाची दुर्बिणीने तपासणी. घराण्यात आजार आहे. कृपया तारीख मिळावी.' खिडकीतल्या मुलीने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला.

"तामोरे सर!" ती ओरडली. "मी हिना. सातवी ब. तुमच्याकडून गोष्टींची पुस्तकं न्यायचे. सर, ह्यात लिहिलेलं नाही. दुर्बीण वरून की खालून?"

काचेला बोलण्यासाठी एक छोटे भोक असते. आतला आवाज त्यातून बाहेर येताना मोठा होऊन येतो आणि बाहेरचा आत जातच नाही, असे माझे निरीक्षण आहे. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, सर, ऐकू नाही आलं, वरून की खालून ते सांगा, दोन्हीचा फॉर्म वेगळा असतो. मागे पंधरा माणसे होती. त्यांनाही उत्सुकता वाटू लागली असावी, कारण रांगेतली कुजबूज थांबली. मी उजव्या हाताचे बोट जमिनीकडे केले.

"खालून!" हिनाने आनंदाने जाहीर केले आणि खालूनचा फॉर्म काढला.

त्या क्षणी माझ्या डोक्यात एक विचार यायला हवा होता. दोन फॉर्म असतात, दोन रस्ते असतात, तर मग जयवंतीला कुठला फॉर्म दिला असेल? इतका साधा विचार. पण मी त्या वेळी माझ्या अब्रूचा पंचनामा करण्यात गुंतलो होतो. अब्रू गेलेल्या माणसाला दुसऱ्याचे काही सुचत नाही.

तारीख सोमवारची मिळाली, सकाळी नऊची. हिनाने एक छापील कागद आणि पावडरीची पाकिटे दिली. आदल्या दिवशी जेवायचे नाही, फक्त पाण्यासारखे पातळ आणि पारदर्शक काही घ्यायचे. लाल रंगाचे काही प्यायचे नाही, तो रंग आत राहिला की रक्तासारखा दिसतो. संध्याकाळी पाचपासून ही पावडर दोन लिटर पाण्यात कालवून दर पंधरा मिनिटांनी पेलाभर घ्यायची. 'त्यानंतर वारंवार शौचास होईल,' असे कागदावर लिहिले होते. ही एकच ओळ मी पुनःपुन्हा वाचली. 'वारंवार' ह्या शब्दाची व्याप्ती कोशात दिलेली नसते.

घरी आलो तर जिन्यात सूचना लागलेली: रविवारी टाकीची सफाई, दिवसभर पाणी बंद.

दुसऱ्या कुणीही सेक्रेटरीचे दार वाजवून सांगितले असते, बाबा रे, असे असे आहे, सफाई पुढे ढकल. बायको आनंदी हेच म्हणाली. तिचे माहेर नवापूरचे, ती काही लपवत नाही. "त्यात काय हाय? पोट साफ करायचं हाय म्हनून सांगा," ती म्हणाली. मी म्हटले, मी लेखी देतो. आणि ग्रंथालयाच्या जुन्या कागदावर अर्ज लिहिला: 'माझ्या घरी रविवारी एक अत्यावश्यक कार्य असून त्यास पाण्याची मुबलक आवश्यकता आहे. तरी टाकीची सफाई पुढील रविवारी घेण्याची कृपा व्हावी.'

मला अजून त्या अर्जात काही चूक दिसत नाही. 'कार्य' शब्द चपखल होता. घातही त्यानेच केला.

आमचे सेक्रेटरी निमेशभाई मूळचे पलीकडचे, गुजरातेतल्या वापीचे. औषधांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. माणूस इतका सज्जन की त्याला नकार देणे म्हणजे पाप. अर्ज वाचून ते वर आले आणि हात जोडून म्हणाले, काका, तुमच्याकडे कार्य आणि आम्ही पाणी बंद करणार काय. सफाई रद्द. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला: 'तामोरेकाकांकडे रविवारी शुभकार्य असल्यामुळे टाकीची सफाई पुढे ढकलली आहे.' 'शुभ' त्यांनी आपल्या पदरचे घातले. त्याखाली कुणी हात जोडले, कुणी फुले टाकली. दुसऱ्या मजल्यावरून विचारणा आली, सत्यनारायण आहे का? निमेशभाईंनी मला न विचारताच लिहिले, बहुतेक हो. मी फोन हातात धरून बसलो. 'नाही' एवढे दोन अक्षरांत टाइप करायचे होते. पण नाही म्हटले की मग काय आहे, असे विचारणार. मी फोन उशीखाली ठेवला.

रविवारी पाच वाजता पहिला पेला घेतला. त्याची चव वर्णन करायची तर, समुद्राचे पाणी कुणी लिंबू पिळून गोड करायला घेतले आणि मध्येच कंटाळून सोडून दिले, अशी. सहा वाजता दारावर टकटक झाली. निमेशभाई, त्यांची बायको जागृतीबेन, दुसऱ्या मजल्यावरचे कुटुंब, तळमजल्यावरच्या दोन आजी, एकूण अकरा माणसे. धुवट कपड्यांत. तीर्थप्रसादाला आलेली.

आनंदीने माझ्याकडे जे पाहिले ते मी विसरणार नाही. पण ती खंबीर बाई आहे. क्षणात म्हणाली, पूजा सकाळीच झाली, गुरुजींना घाई होती, बसा, शिरा टाकते. आत जाऊन तिने गणपतीच्या तसबिरीपुढे दोन केळी ठेवली आणि रवा भाजायला घेतला. मला हळूच म्हणाली, "देवाला तुमी काय सांगायचं ते सांगा, मी शिऱ्याचं बघते." सत्यनारायणाची ती पूजा अजून माझ्याकडे बाकी आहे.

आमचे घर दोन खोल्यांचे. संडासाचे दार बाहेरच्या खोलीत उघडते, बांधणाऱ्याने ते बरोबर सोफ्यासमोर ठेवले आहे. अकरा माणसे सोफ्यावर, खुर्च्यांवर आणि सतरंजीवर अशी बसली की सगळ्यांची तोंडे त्या दाराकडे. साडेसहाला माझ्या पोटात पहिली गडगड झाली. मी उठलो. सगळ्यांनी पाय आखडून वाट दिली. आलो, बसलो, पेला घेतला. पुन्हा उठलो. पुन्हा पाय आखडले. चौथ्या खेपेला तळमजल्याच्या आजींनी आनंदीला विचारले, हे सारखे आत का जातात. आनंदी शिरा वाढता वाढता म्हणाली, हात-पाय धुवायला, पूजेच्या दिवशी ह्यांचं सोवळं कडक असतं.

त्यानंतर माझ्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टीच बदलली. मी शिरा घेतला नाही हेही त्यांच्या लक्षात आले. निमेशभाईंनी सर्वांना हलक्या आवाजात सांगितले, काका सकाळपासून नुसत्या पाण्यावर आहेत, पाहा, ह्या वयात. जागृतीबेन घरी जाऊन खास माझ्या उपासासाठी कोकम सरबताचा तांब्या घेऊन आल्या. लालबुंद. मी तो हातात घेतला. 'नको' म्हणता येईना, पिता येईना. तांब्या घेऊनच आत गेलो आणि तिथे ओतून टाकला. बाहेर आल्यावर रिकामा तांब्या पाहून त्या म्हणाल्या, बघा, किती तहान लागली होती. तेवढ्यात पुन्हा गडगड झाली, ह्या वेळी ती सतरंजीपर्यंत ऐकू गेली. निमेशभाईंनी खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाले, आभाळ भरून आलंय वाटतं. महिना फेब्रुवारीचा होता.

पावणेआठला शेवटचा माणूस उठला. जाताना तळमजल्याच्या आजी माझ्या पाया पडल्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या बाई. मी अडवायला वाकलो असतो, पण त्या घडीला वाकणे शहाणपणाचे नव्हते.

तर इतके रामायण जिच्यासाठी केले ती तपासणी सोमवारी झाली. तिची मला दोन वर्षे धास्ती होती आणि सांगायला लाज वाटते की त्यात काहीच नव्हते. मागून उघडा असा एक डगला घालायला दिला, हाताला सुई टोचली, छतावरचा पंखा पाहत होतो तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, काका, झालं. आनंदी सांगते की बाहेर आणल्यावर गुंगीत मी सगळ्या वॉर्डाला उद्देशून 'पुस्तके वेळेवर परत करा' असे बजावले.

दुपारी डॉ. दीपालींनी आम्हा दोघांना समोर बसवले. वयाने माझ्या मुलीसारख्या, शांत बोलणाऱ्या. आतड्याच्या अस्तरावर तीन बारीक गाठी होत्या, मटारच्या दाण्याएवढ्या. दुर्बिणीतूनच काढून टाकल्या. तशाच राहिल्या असत्या तर पुढे कधीतरी त्यातली एखादी भावाच्या वाटेने गेली असती. आता तीन वर्षांनी पुन्हा पाहू. मग त्यांनी विचारले, आणखी भावंडे आहेत का.

ह्या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. सबंध प्रकरणात मी अभिमानाने सांगावे असे तेवढेच होते. म्हटले, बहीण आहे, तिची मी दोन वर्षांपूर्वीच करून घेतली, नॉर्मल आहे. आणि फोनमधला फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला. मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. त्यांनी वरच्या ओळीवर ठेवले.

"काका, ही वरून केलेली आहे," त्या म्हणाल्या. "घशातून जठरापर्यंत. मोठं आतडं ह्यात पाहिलेलंच नाही."

मला काचेच्या भोकातून येणारा हिनाचा आवाज ऐकू येत होता.

"बहिणीला काही त्रास आहे?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडले. आनंदी माझ्या आधी बोलली. "मूळव्याध हाय ना तिला. वरीस झालं. रक्त जातं मधून मधून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी तुमाला सांगितलं होतं."

सांगितले होते. गेल्या दिवाळीत, भाऊबीजेला जयवंती येऊन गेल्यावर. मी तेव्हा वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणालो होतो, तिची दुर्बीण झालेली आहे, काळजीचं काही नाही. जयवंतीही तिकडे सगळ्यांना तेच सांगत होती म्हणे. भावानं तपासून घेतलंय, आत काय नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोईसरच्या मासळी बाजारात गेलो. जयवंती रोज सातला दांडीहून पाटी घेऊन येते. मला पाहून तिने आधी विचारले, झाली का दुर्बीण, काय निघालं. मी सांगितले, तीन गाठी होत्या, काढल्या. तिने हातातली मांदेली खाली ठेवून खारट हात कपाळाला लावला. देवच पावला, म्हणाली. तिच्या सांगण्यावरून मी गेलो आणि वाचलो. हे तिच्या तोंडावर इतके स्पष्ट लिहिलेले होते की मला वाचवेना.

"जया, तुझी तपासणी चुकली," मी म्हणालो.

"चुकली कशी? नारमल हाय ना?"

"ती वरून झाली. आपल्याला..." समोर एक गिऱ्हाईक बोंबलांचा भाव करत होते. शेजारी राहीबाई कोयता घेऊन बसली होती, तिच्या पलीकडे आणखी चौघी. "आपल्याला खालून करायची होती. आतड्याची. खालून."

तो शब्द मी म्हटला. मोठ्याने म्हटला असावा, कारण राहीबाईचा कोयता थांबला. ती हसून म्हणाली, काय रे भाऊ, सकाळच्या पारी काय बोलतोस. बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. गिऱ्हाईकही हसले. जयवंती हसली नाही. तिने पाटीवर ओले गोणपाट टाकले.

"राहीबाय, माजी पाटी बघ," ती म्हणाली. "चल भाऊ."

हिनाने त्याच आठवड्यातली तारीख दिली. खिडकीशी ह्या वेळी मी न विचारताच म्हणालो, खालून. जयवंतीच्या आतड्यातली गाठ मटाराएवढी नव्हती. मुंबईला ऑपरेशन झाले, आतड्याचा एक भाग काढला. आजार आजूबाजूच्या लसिकाग्रंथींमध्येही थोडा पसरला होता, म्हणून त्यावर औषधे सुरू आहेत. दर तीन आठवड्यांनी मी तिला घेऊन जातो. पुढचे काय, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि ती विचारत नाही. मी एकदा विचारले. विचारायचे नाही असे ठरवून गेलो होतो आणि तरी विचारले, की हिची तपासणी दोन वर्षांपूर्वीच खालून झाली असती तर. डॉक्टरांनी माझी फाइल पाहिलेली होती. ते म्हणाले, तर बहुधा तुमच्यासारखंच, दहा मिनिटांचं काम. मग माझ्याकडे पाहून त्यांनी घाईने म्हटले, तसं नक्की कुणालाच सांगता येत नाही.

हल्ली मी तो शब्द कुठेही म्हणतो. दांडीला चुलत भावंडांच्या ओट्यांवर बसून म्हटला, बसमध्ये फोनवर म्हटला. निमेशभाईंना तर सत्यनारायणाची सगळी खरी हकिकत सांगून टाकली. ते हसले नाहीत. त्यांचे वडील कशाने गेले ते आठवून दुसऱ्या दिवशी माझ्याकडे पालघरचा पत्ता मागायला आले. आनंदी म्हणते, तुमाला आता बोलायला जमायला लागलं. जमायला लागले खरे.

एक गोष्ट मात्र मी आनंदीलाही सांगितलेली नाही. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी जयवंती उशाला टेकून बसली होती. मी तिला पेज भरवत होतो. बरेच दिवस गिळून ठेवलेले मी शेवटी बोललो. म्हटले, जया, त्या वेळी मी तुला नीट सांगितलं नाही.

"तू कसला सांगतोस," ती म्हणाली, आणि तिला काहीतरी आठवून हसू आले. "अरे, त्या शिबिरातल्या पोरानं इचारलं होतं ना मला. मावशी, दुर्बीण वरून करायची का खालून? म्हनला, पोटाची दोनी परकारची असते. मी म्हटलं, माजा भाऊ लायब्रीवाला हाय, शिकलेला मानूस. तो बहिनीला खालून म्हनून पाठवायचा नाय कदी. तू वरूनच कर."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयीचा अभिमान होता. इतके झाल्यावरही तो तसाच होता. हसताना टाके ओढले जात होते म्हणून तिने पोटाशी उशी दाबून धरली होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली, आणि मला म्हणाली, "हस की रे भाऊ, काय बघत बसलास."

मी हसलो. तिला नाही म्हणता येईना.